'कच्च्या' घराचा पक्का हिशेब

खोडद म्हटले की लोकांना दुर्बीण आठवते. शेतांच्या वर उभ्या असलेल्या 45 मीटर व्यासाच्या त्या जाळीदार तबकड्या, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला उसळणारी शाळांची गर्दी, हे सगळे महाराष्ट्राला माहीत आहे. मी मात्र गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा खोडदला गेलो तो गावठाणातल्या एका जुन्या घरासाठी. माझे मामू गवंडी आहेत. त्या घराची मागची भिंत सावरण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. सोबत कागदपत्रांचाही गुंता होता, म्हणून मला बोलावणे आले.

घर शंभरेक वर्षांचे. जोते घडीव काळ्या दगडाचे. त्यावर कमरेच्या वरपर्यंत दगड-मातीचे बांधकाम आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीची अडीच फूट रुंद भिंत. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर माळा. पुढच्या पाख्यावर मंगलोरी कौले, मागच्या पाख्यावर अजूनही कुंभाराने हाताने केलेली नळीची कौले. तीन भावांत वाटणी झाली. कुकडीच्या पाण्यावर ऊस आणि टोमॅटो पिकला, चार पैसे आले, दोघांनी मळ्यात बंगले बांधले. त्यात गैर काही नाही. तिसऱ्याच्या वाट्याला मागचे दोन खण आले. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. साठी उलटलेली, जमीन थोडी, मुलगा चाकणला कंत्राटी कामावर. मागची भिंत फुगली, पावसात दोन ठिकाणी माती सुटली, तेव्हा आण्णांनी घरकुलासाठी विचारपूस केली. त्यांना मिळालेला सल्ला सरळ होता: आधी पाडून जागा मोकळी करा, मग बघू.

आण्णा पाडायला तयारही झाले होते. सागाच्या खांबांचा घनफुटावर भाव सांगून एक व्यापारी अंगणात उभा होता. हे खांब पुढे कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत 'वाड्याचा फील' देण्यासाठी ते उभे केले जातात आणि त्यांच्या सावलीत आपण पिठल-भाकरीला चारशे रुपये मोजतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, 'कच्चे'. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत घरांची प्रतवारी झाली. भिंत मातीची किंवा न भाजलेल्या विटेची असेल तर कच्ची. दगड मसाल्यात बांधलेला नसेल तर कच्चा. छताची गंमत तर आणखी वेगळी. कौल यंत्राने केलेले असेल तर छत पक्के आणि हाताने केलेले असेल तर कच्चे. म्हणजे कुंभाराचा हात लागला की वस्तू कच्ची! त्याच प्रतवारीवर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण याद्या उभ्या राहिल्या. मैदानी भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, किमान 25 चौरस मीटरचे नवे घर बांधण्यासाठी. जुने सावरायला ही रक्कम नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतही मातीची इमारत सगळ्यात खालच्या पायरीवर आणि आरसीसी सगळ्यात वर. पट्टी कमी लागते हा फायदा खरा. पण नमुना आठच्या उताऱ्यावर बसलेला तो शिक्का माणसाच्या मनातही बसतो. मुलीच्या घरचे स्थळ बघायला येतात तेव्हा 'घर मातीचंय' हे वाक्य कसे उच्चारले जाते ते आठवून बघा.

ज्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद आहे त्याला घरकुल मिळालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. उसाच्या पाचटाची झोपडी आणि शंभर पावसाळे काढलेली अडीच फुटी भिंत या दोन गोष्टींना सरकार एकच शब्द वापरते. त्या एका शब्दाने गावेच्या गावे पाडली जात आहेत, आणि तीही गरिबांच्या हातूनच.

आता ती भिंत का फुगली ते सांगतो, कारण सगळा युक्तिवाद तिथेच आहे.

आपल्याकडे गावाच्या वस्तीला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. काळ्या मातीत भिंत होत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. भिंतीला लागते ती पांढरी माती. तिच्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून ती चार-आठ दिवस भिजत ठेवतात, पायांनी तुडवतात आणि मग थरावर थर चढवतात. अशी भिंत पाणी पिते आणि पाणी सोडते. पावसाळ्यात जमिनीतली ओल दगडांच्या सांध्यांतून वर चढते आणि मातीच्या गिलाव्यातून वाऱ्यावर सुकून जाते. ओल येते हे घर बांधणाऱ्याला माहीत होतेच. त्याने तिला अडवले नाही, बाहेर पडायला वाट ठेवली.

आण्णांच्या घरी बारा-तेरा वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. हेतू चांगलाच होता. दरवर्षीच्या लिंपणाचा त्रास वाचावा आणि भिंत 'पक्की' दिसावी. पहिली तीन-चार वर्षे ती दिसलीही. मग सिमेंटला केसासारख्या भेगा पडल्या. सिमेंट कडक असते. मातीची भिंत ऊन-पावसाबरोबर थोडी हलते, सिमेंट हलत नाही, ते तडकते. भेगांतून पाणी आत गेले आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरली नाही. खालून चढणारी ओलही कोंडली. ती वर वर सरकत तुळईच्या भिंतीत रोवलेल्या टोकापर्यंत पोहोचली. मामूंनी सिमेंटचा पापुद्रा काढला तेव्हा आतली माती चिखलासारखी मऊ होती आणि तुळईचे टोक बोटाने उकरता येत होते. शंभर वर्षे टिकलेला साग दहा-बारा वर्षांत कुजला. मराठीत फसवण्याला 'चुना लावणे' म्हणतात. इथे बिचाऱ्या चुन्यावर उगाच आळ आला आहे. लावले ते सिमेंटनेच.

जुन्या घराला ओल आली की लोक म्हणतात, 'माती आहे, चालायचंच.' मग आणखी एक थर सिमेंट. मी जुन्नर-आंबेगावात पाहिलेल्या पडक्या घरांपैकी कितीतरी म्हातारपणाने पडलेली नव्हती. ती उपचाराने पडली होती.

मामूंनी काय केले ते थोडक्यात सांगतो. सगळे सिमेंट छिन्नी-हातोडीने उतरवले, यंत्र लावले नाही. भिंत उघडी ठेवून उन्हाळाभर सुकू दिली. या सुकवण्यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि आण्णांचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला, कारण गावातला प्रत्येक जण येऊन 'काम बंद पडलं काय?' असे विचारून जात होता. तुळईचे कुजलेले टोक कापून तिथे सुताराने जुन्याच सागाचा तुकडा सांध्यात बसवला. फुगलेला भाग उतरवून तेच दगड पुन्हा रचले. जागोजागी भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहील. वरची भिंत त्याच भिंतीच्या मातीत नवी माती मिसळून भरली. जुनी माती फेकायची नाही हे मामूंचे पहिले कलम. ती परत भिजते, परत लागते. पडलेल्या काँक्रीटची पुन्हा भिंत करून दाखवा!

बाहेरून पावसाच्या माऱ्याच्या बाजूला चुन्याचा गिलावा द्यायचा ठरला. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवायचा आणि भिजत ठेवायचा. जितका मुरेल तितका चांगला. पूर्वी वाळूबरोबर तो घाणीत दळत. दगडी गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि बैल. जुन्या गढ्यांजवळ, देवळांजवळ ही चाके अजून पडलेली दिसतात. लोक त्यांच्यावर बसून तंबाखू मळतात. लावल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. याला महिने लागतात, जाड गिलाव्याला वर्षेही. सिमेंट आठवड्यात जे करते ते चुना सावकाश करतो आणि तेवढ्या वेळात भिंतीशी जुळवून घेतो.

या चुन्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचे पाणी घालतात. त्याने गिलावा घट्ट धरतो, पाण्याला दाद देत नाही. आता हा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आदिवासी पिढ्यान्पिढ्या हिरडा गोळा करतात, त्याच्या भावासाठी दरवर्षी झगडतात. पूर्वेला ऊस आणि गुऱ्हाळे. मधे कुंभार, सुतार, वडार, आमच्यासारखे गवंडी. चांगला गिलावा करायला लागणारे बहुतेक सगळे दोन तालुक्यांत आहे. आणि आम्हाला चुना नीट दळून मिळेना! साध्या कळीच्या चुन्यासाठी तीन ठिकाणी फोन करावे लागले. सिमेंटचे पोते मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात उधारीवर मिळते. माणूस सिमेंटकडे जातो तो त्याची अक्कल गहाण पडली म्हणून नव्हे. दुसरे काही हाताशी उरलेच नाही, म्हणून जातो.

इथे मला माझ्या नेहमीच्या विषयाकडे थोडे वळू द्या. 'गिलावा' हा शब्द फारसी आहे, गिल म्हणजे माती. कमान फारसी. महिरप अरबी मिहराबची. मजला अरबी, इमारत अरबी. सुताराचा रंधा फारसी, खिडकीचे तावदान फारसी. आणि त्याच घरातले जोते, खांब, तुळई, उंबरा, ओसरी, पडवी अस्सल देशी. एकाच भिंतीवर हे शब्द इतके लगटून बसलेत की वेगळे करायला गेलात तर भिंत पडेल. निझामशाहीची पहिली राजधानी हीच, जुन्नर. त्याच तालुक्यातल्या शिवनेरीवर 1630 साली शिवाजी महाराज जन्मले. दगड घडवणारे, चुना मळणारे हात एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेले. कारागिराने राजाचा धर्म विचारून करणी उचलली नाही. गवंडी ही मुसलमानांमधलीही एक जात आहे, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. आमच्या घरात दिवाळीआधी गावची घरे रंगवायची घाई आणि ईदच्या आधी स्वतःचे घर रंगवायला सवड नाही, हे पिढ्यान्पिढ्याचे चित्र.

म्हणून 'पेशवाई थाट' अशी पाटी लावून जुन्या वाड्याचे पर्यटन केंद्र होते, तेव्हा मला दोन गोष्टी खटकतात. एक, त्या पाटीत कारागीर कुठेच नसतो. दुसरी, वाडा म्हणजे सरदाराचा, अशी समजूत पक्की होते आणि आण्णांच्या दोन खणांचे घर वारशाच्या बाहेर पडते. जुन्नर 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. किल्ले, लेणी, नाणेघाट यांच्याबद्दल बोलले जाते ते योग्यच आहे. हापूसबागेतल्या सौदागर घुमटाचा फोटोही हल्ली रील्समध्ये दिसतो. पण पर्यटक ज्या गावठाणातून पुढे जातो त्या गावठाणातली घरे या चित्रात नाहीत. पाच-दहा वर्षांनी तो येईल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेचे कठडे आणि निळ्या पत्र्यांचे शेड असेल.

आणि दुसऱ्यांनाच का बोलावे? आपल्या समाजात काय चालले आहे? कितीतरी गावांत चुन्यात बांधलेल्या, जाड भिंतींच्या, उन्हाळ्यात गार राहणाऱ्या छोट्या मशिदी पाडून तिथे टाइल्स लावलेले दुमजली काँक्रीट उभे राहिले. जमात वाढली, जागा पुरत नव्हती, हे कारण काही ठिकाणी खरे होते. बाकीच्या ठिकाणी शेजारच्या गावापेक्षा उंच मिनार हेच कारण होते. दर्ग्याच्या घुमटावर दरवर्षी उर्साआधी हिरव्या ऑइलपेंटचा नवा थर चढतो. त्या थराखाली चुना गुदमरून पोपडे धरतो आणि पोपडे दिसले की आपण आणखी जाड थर देतो. उद्या कोणी येऊन 'ही वास्तू तुमची नव्हेच, जुनी असल्याचा पुरावा काय?' असे विचारले, तर दाखवायला जुना गिलावा तरी शिल्लक हवा. तो आपणच खरवडून उकिरड्यावर टाकला आहे. हे लिहिल्यावर मला काही जणांचे फोन येतील. येऊ देत.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर काय झाले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकात गळती थांबवायला त्याच्या छतावर काँक्रीटचे थर घातले गेले होते. आगाखान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खाते यांनी केलेल्या कामात, जे 2013 मध्ये पूर्ण झाले, त्या छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हाताने फोडून उतरवले गेले आणि पुन्हा चुना घातला गेला. म्हणजे देशातल्या सर्वांत जाणत्या लोकांनी बादशहाच्या घराला जो उपचार केला, तोच मामूंनी आण्णांच्या घराला केला. फरक इतकाच की तिथे त्याला संवर्धन म्हणतात आणि इथे 'कच्च्या घराची डागडुजी'.

याच्या विरोधात बोलण्यासारखे बरेच आहे. सगळ्यात मोठा आक्षेप किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमध्ये आठेक हजार माणसे गेली, ती दगड-मातीच्या घरांखाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या मनात अशा घराची भीती बसली आणि ती भीती खोटी नाही. पण तिथल्या भिंती कशा होत्या? गोलसर, न घडवलेले दगड, आतल्या-बाहेरच्या बाजूला जोडणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचे दोन-दोन फूट ओझे. भिंत दुभंगली आणि छत खाली आले. जिथे छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, तिथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे तज्ज्ञांनी नोंदवली आहेत. नंतर सरकारनेच आरपार दगड आणि भिंतीभोवती पट्टा घालून जुनी घरे बळकट करण्याचा कार्यक्रम घेतला. किल्लारीने शिकवले ते हे, की माती नव्हे तर वाईट बांधणी मारते. निकृष्ट काँक्रीटही मारते, भूजने 2001 मध्ये ते दाखवले. जुने घर तपासल्याशिवाय त्यात राहावे असे मी कोणालाही सांगणार नाही. फक्त तपासणाऱ्याला माती कळली पाहिजे. आज येणारा अभियंता चार वर्षे काँक्रीट शिकून येतो, मातीची भिंत बघताच 'पाडा' म्हणून लिहितो आणि निघून जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. तो आण्णांच्या घरातल्या वहिनींनी घेतला. मी मातीच्या घराचे गुण गात होतो, उन्हाळ्यात पंखा लागत नाही वगैरे. त्या म्हणाल्या, "भाऊ, सारवायला कोण येतं? तुम्ही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. या घरांची निगा म्हणजे बायकांचे हात. शेण गोळा करायचे, माती कालवायची, उकिडवे बसून जमीन सारवायची, सणाआधी भिंती पोतेऱ्याने पोतारायच्या, उंदरांची बिळे बुजवायची. पुरुष वर्षातून एकदा कौले शाकारायला चढतो आणि त्याचे कौतुक होते. ज्या बाईने तीस वर्षे हे केले तिला फरशी हवी असेल तर तिला परंपरेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी इतकेच म्हणतो की फरशी आणि भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत शहाबादी फरशी घाला, मोरी नीट करा, संडास घरात आणा, विजेची नवी तार ओढा, स्वयंपाकघरात ओटा करा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत चुना भरला तर जमिनीची ओलही बाहेर पडत राहते. आण्णांकडे तसेच केले. भिंती मात्र मातीच्याच ठेवल्या. वहिनी भिंतीवर नाही, फरशीवर खूश आहेत आणि ते मला पुरेसे आहे.

जुने सांभाळायचे म्हणजे त्याचे मढे जपायचे नसते. खोडदच्या दुर्बिणीचेच बघा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात 30 तबकड्या उभ्या केल्या. जड पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली, त्यामुळे वारा आरपार जातो आणि वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहतात. पंचवीसेक वर्षांनी तंत्रज्ञान पुढे गेले तेव्हा शास्त्रज्ञांनी तबकड्या मोडीत काढल्या नाहीत. सांगाडे तेच ठेवले, आतली संवेदक यंत्रणा, तारा, संगणक बदलले आणि त्याच दुर्बिणीची ताकद कितीतरी वाढली. गावाबाहेर हे शहाणपण आहे, गावठाणात नाही, असे कसे?

आणि ठरवले तर सरकार खोडदमध्ये काय काय जपू शकते हेही आपण पाहतो. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकू यावेत म्हणून या परिसरात उद्योगांवर, मोबाइल मनोऱ्यांवर बंधने आहेत. पुणे-नाशिक रेल्वेची आखणीसुद्धा याच दुर्बिणीमुळे अडली आणि मार्ग बदलण्याची वेळ आली. मला त्याबद्दल तक्रार नाही, उलट अभिमान आहे. पण न दिसणारी शांतता जपण्यासाठी रेल्वे वळवता येत असेल, तर दिसणाऱ्या भिंतीसाठी एका अर्जातला एक रकाना बदलता येणार नाही का?

तो रकाना असा हवा: 'जुने घर, दुरुस्तीयोग्य'. घरकुलाची रक्कम ज्याला मंजूर होते त्याने नवे बांधायचे की आहे ते सावरायचे हे त्याला ठरवू द्यावे आणि सावरण्यासाठी तितकेच पैसे द्यावेत. हाताने केलेल्या कौलाला कच्चे म्हणणे बंद करावे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार, कुंभार, राजमिस्त्री आहेत. प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांना 15 हजार रुपये मिळतात. या प्रशिक्षणात चुना आणि मातीचे काम घाला. शिकवायला माझ्या मामूंसारख्या सत्तरीच्या माणसांना बोलवा आणि त्यांना शिक्षकाचे मानधन द्या. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांनाच शिकाऊ म्हणून बसवू नका, म्हणजे झाले. दोन तालुक्यांत मिळून चुन्याची एक घाणी, विजेवर चालणारी का होईना, एखाद्या बचत गटाला किंवा सोसायटीला चालवायला दिली तर हिरड्यालाही एक गिऱ्हाईक वाढेल.

मामूंचे दोन्ही मुलगे गवंडीकाम करतात, पण फक्त सिमेंटचे. धाकट्याला मी विचारले, अब्बांकडून चुना का शिकला नाहीस? तो म्हणाला, "शिकलो तर काम कोण देणार? वर्षात एक घर?" त्याचा हिशेब चुकीचा नाही. वर्षात दहा घरे मिळाली तर तो उद्या शिकेल.

तोवर ज्यांचे घर मातीचे, दगडाचे, कौलारू आहे त्यांनी पावसाळ्याआधी करण्यासारखी कामे मामूंच्या तोंडून ऐकली तशी देतो. वैशाखात कौले शाकारून घ्या, फुटलेले एक कौल वर्षाला एक तुळई खाते. भिंतीच्या पायथ्याशी साचलेली माती आणि काँक्रीटचा गल्लीचा रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला असेल तर भिंतीलगत हातभर चर खणून पाणी लांब काढा. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांनी गावठाणातली जोती जमिनीखाली गेली आहेत, हे अर्ध्या ओलीचे कारण आहे. सिमेंट पोकळ वाजत असेल तेवढे काढून टाका, भिंत सुकू द्या, मग मातीने लिंपा. लाकडाला ऑइलपेंट नको, जवसाचे तेल द्या. वाळवीची नळी दिसली तर ती नुसती पुसू नका, जमिनीपर्यंत माग काढा. आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, पाणी कुठून पडते आणि कुठे थांबते ते फक्त तेव्हाच दिसते.